डायनोसॉरची हाडं आणि एक शाळामास्तर : स्टीफन हिस्लॉप



मागच्या हिवाळ्यात सहावीच्या मुलांना घेऊन उक्षीचं कातळशिल्प बघायला गेलो होतो. कातळावर कोरलेला तो भला मोठा हत्ती मुलांनी चारी बाजूंनी फिरून बघितला. मग एकाने विचारलं की सर, हत्तीपेक्षा मोठा तो डायनोसॉर, तो आपल्या रत्नागिरीत होता का? दुसऱ्याने लगेच टी-रेक्सचं नाव घेतलं. तिसरा म्हणाला की या कातळांवर कुठेतरी डायनोसॉरपण कोरलेला असणार, आपल्याला सापडला नाही एवढंच.

तिसऱ्याचं उत्तर सोपं होतं. कातळशिल्पं माणसाने कोरली आणि डायनोसॉर संपले त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. माणसाने जिवंत डायनोसॉर कधी बघितलाच नाही, तर कोरणार कुठून? पण पहिल्याच्या प्रश्नावर मी अडखळलो. खरं सांगायचं तर धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि त्या वाचनात एका माणसाची गोष्ट हाती लागली. महाराष्ट्राच्या मातीतून डायनोसॉरची हाडं गोळा करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी हा एक, आणि पेशाने आपल्यासारखाच शाळेत शिकवणारा. नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते नाव कोणाचं हे फारसं माहीत नसतं. आजचा पाठ त्यांच्याविषयी.

आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर

आपल्या पायाखालचा जांभा आणि त्याखालचा काळा कातळ कुठून आला? डायनोसॉरच्या शेवटच्या काळात पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. थंड होऊन त्याचा काळा बेसॉल्ट झाला. त्यालाच आपण दख्खनचा कातळ म्हणतो. पुढे लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन वरचा भाग कुजला, त्याचा जांभा झाला.

मुलांना हे समजवायला मी आंबापोळीचं उदाहरण देतो. ताटात रस ओतायचा, उन्हात वाळवायचा, वाळला की त्यावर पुन्हा रस. असे थरावर थर. आता पहिला थर वाळल्यावर त्यावर मुंगी बसली आणि वरून दुसरा रस पडला तर मुंगी आतच राहणार. लाव्ह्याचंही तसंच. दोन लाव्ह्यांच्या मध्ये शेकडो-हजारो वर्षं शांत जायची, तळी साचायची, झाडं वाढायची, गोगलगायी फिरायच्या. मग वरून पुढचा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. आणि ताटाच्या अगदी तळाशी, पहिला रस ओतण्याआधीच जे होतं, ते तर सगळ्यात खाली दबलेलं.

डायनोसॉरची बरीचशी हाडं या सगळ्यात खालच्या थरात, म्हणजे पहिल्या लाव्ह्याच्याही खाली सापडतात. आपल्या बाजूला ही पोळी फार जाड आहे. सह्याद्रीवर कोयना भागात शास्त्रज्ञांनी भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं, तेव्हा ९०० मीटरहून जास्त बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. मधे हाडं साठवून ठेवणारा गाळाचा थरच नाही. म्हणून कोकणात डायनोसॉरचं हाड मिळत नाही. विदर्भात मात्र या पोळीची कड येते. तिथे लाव्हा पातळ होत जातो आणि खालचे जुने थर उघडे पडतात. हिस्लॉप नेमके तिथेच येऊन राहिले.

गवंड्याचा मुलगा

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावी झाला. वडील दगडी बांधकाम करणारे गवंडी. आपल्याकडे चिऱ्यांच्या कामावर जाणाऱ्या कितीतरी पालकांची मुलं आपल्या वर्गात असतात, तसंच हे घर. पुढे त्यांनी एडिंबरा आणि ग्लासगो इथे शिक्षण घेतलं आणि ते धर्मोपदेशक झाले.

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघालं. त्या चर्चतर्फे हिस्लॉप १८४४ च्या अखेरीस भारतात आले आणि १८४५ मध्ये नागपूरला पोचले. वय २७ वर्षं. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं, ते १८५३ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. मुंबई-नागपूर रेल्वे अजून व्हायची होती. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये, म्हणजे हिस्लॉप गेल्यानंतर. त्यामुळे त्यांनी जे काही बघितलं आणि गोळा केलं, ते घोड्यावरून किंवा पायी फिरून.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ते ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायला आले होते. धर्मांतरावरून नागपुरात वाद झाले, लोकांचा रोष त्यांच्यावर आला. मुलांना चरित्र सांगताना हा भाग गाळू नये असं मला वाटतं. माणूस आहे तसा सांगावा. पण त्याचबरोबर त्यांनी शाळा काढल्या, मराठी शिकून घेतलं, गोंड लोकांची भाषा, गाणी आणि चालीरीती लिहून ठेवल्या. गोंडांच्या लिंगो या पूर्वजाचं मोठं गीत त्यांच्याच कागदांमधून छापून पुढे आलं.

फिरता फिरता दगड

१८४७ मध्ये त्यांच्या मदतीला रॉबर्ट हंटर नावाचे तरुण सहकारी आले. दोघांनाही निसर्गाची ओढ. नागपूरजवळच्या टाकळीला आणि सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांना दोन लाव्ह्यांच्या मधला तो थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या शंख-गोगलगायी होत्या. बारकाईने बघितल्यावर फळं, बिया, लाकूड, एवढंच काय, किड्यांचे अवशेषसुद्धा मिळाले. आंबापोळीतली मुंगी मी म्हणतो ती हीच.

मग नादच लागला. दौऱ्यावर जातील तिथे दगड बघायचे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली या गावी बेडकाच्या दूरच्या नात्यातल्या एका अतिप्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. ती लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. हे ओवेन म्हणजे ज्यांनी १८४२ मध्ये डायनोसॉर हा शब्द तयार केला तेच. बघा, हिस्लॉप भारतात आले तेव्हा डायनोसॉर हा शब्द जेमतेम दोन वर्षांचा होता!

कामठीच्या आसपासच्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळाले, ते लाव्ह्यापेक्षा कितीतरी कोटी वर्षं जुने. त्यांचंही वर्णन लंडनमध्ये छापलं गेलं. १८५५ मध्ये हंटर तब्येतीमुळे मायदेशी परतले. (पुढे त्यांनी एक मोठा इंग्रजी ज्ञानकोशवजा शब्दकोश केला.) हिस्लॉप एकटे राहिले, पण काम थांबलं नाही.

याच फिरण्यात आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोऱ्याजवळचं पिसदुरा हे गाव आलं. तिथल्या शेतांमध्ये मोठमोठी, दगड झालेली हाडं पडलेली होती. सोबत कासवांचे अवशेष, आणि गोळ्यांसारखे विचित्र दगड, ढिगाने. हे गोळे म्हणजे प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. हिस्लॉप यांनी हे सगळं गोळा केलं आणि त्याची माहिती पाठवली.

इथे त्यांची पद्धत समजून घ्या. त्यांच्या लेखांमध्ये दगड कोणत्या गावी मिळाला, त्याच्या वर काय, खाली काय, थर किती जाड, हे नीट सांगितलेलं असतं. मग वस्तू त्या विषयाच्या जाणकाराकडे रवाना. पानं एकाकडे, किडे दुसऱ्याकडे, हाडं तिसऱ्याकडे. आपल्याला सगळं कळतं असा आव नाही.

आणि सगळं कळलंही नव्हतं. लाव्ह्याच्या मधले थर त्यांनी डायनोसॉरनंतरच्या काळातले मानले. १८६० च्या आपल्या मोठ्या लेखाच्या नावातच त्यांनी तो काळ घातला. आज आपल्याला माहीत आहे की हा लाव्हा डायनोसॉरच्या शेवटाच्या आगेमागेच वाहिला. म्हणजे हिस्लॉप यांचं वयाचं गणित चुकलं. पण जागेची आणि थराची नोंद बरोबर होती, म्हणून पुढच्यांना तिथे जाऊन चूक दुरुस्त करता आली. नोंदच नसती तर दुरुस्त काय करणार?

४ सप्टेंबर १८६३

त्या दिवशी हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला गेले होते. तिथे प्राचीन काळची दगडी वर्तुळं आहेत. मोठे दगड गोल मांडून केलेली ती दफनस्थळं. मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ती बघायचा बेत होता. बघून झालं. बाकीची मंडळी मुक्कामाकडे निघाली, पण हिस्लॉप मागे थांबले. कारण? गावातल्या शाळेची तपासणी करायची राहिली होती.

शाळा तपासून ते एकटेच घोड्यावरून निघाले. अंधार झाला होता. पावसाचे दिवस, वाटेत ओढा फुगलेला. त्यात ते बुडाले. चारच दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

आपण दर वर्षी ५ सप्टेंबरला शिक्षकदिन साजरा करतो. त्याच्या आदल्या दिवसाची ही तारीख. तेव्हा शिक्षकदिन नव्हता, हा निव्वळ योगायोग. पण पावसाळ्यात पऱ्ह्याला पाणी आलं म्हणून अलीकडेच थांबलेले, किंवा पोरांसाठी जीव मुठीत धरून पलीकडे गेलेले शिक्षक कोकणात कमी नाहीत. त्यामुळे हा प्रसंग वाचला तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

त्यांच्या मृत्यूनंतर १८६४ मध्ये मध्य भारतातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दात-हाडांविषयीची त्यांची पत्रं लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आली. आदिवासींवरचे त्यांचे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. आणि १८८३ मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं.

मग ती हाडं कोणाची?

आता तुमची मुलं ज्याची वाट बघत असतात त्या भागाकडे येऊ.

पिसदुऱ्याची मोठी हाडं प्रामुख्याने लांब मानेच्या, लांब शेपटीच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनोसॉरची. रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून एका जातीला टायटनोसॉरस ब्लॅनफोर्डी असं नाव दिलं. त्याआधी १८७७ मध्ये जबलपूरच्या हाडांवरून टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं होतं. जबलपूरची हाडं तर कॅप्टन स्लीमन यांनी १८२८ मध्येच उचलली होती. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून इतिहासात येतात तेच हे स्लीमन. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून या सगळ्यात खालच्या थराला लमेटा हे नाव पडलं. पिसदुऱ्याचा थरही त्याच कुटुंबातला.

जिथे एवढे मोठे शाकाहारी, तिथे त्यांना खाणारेही असणारच. चार्ल्स मॅटली यांनी जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर खोदकाम केलं. पुढे पिसदुऱ्यालाही जाऊन त्यांनी हाडं आणि विष्ठेचे गोळे जमवले. १९३३ मध्ये त्यांनी आणि जर्मन शास्त्रज्ञ फॉन ह्यूने यांनी मिळून जबलपूरच्या दोन मोठ्या शिकारी डायनोसॉरना नावं दिली : इंडोसुकस आणि इंडोसॉरस. त्यांच्याच जवळचा नातेवाईक राजासॉरस. त्याची हाडं १९८० च्या दशकात गुजरातमधल्या रहियोलीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी काढली आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं.

हा राजासॉरस कसा होता? लांबी साधारण सात मीटर, म्हणजे वर्गखोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दोन पायांवर चालणारा. डोकं आखूड, पण भक्कम, आणि वर शिंगासारखा उंचवटा. या घराण्याच्या शिकाऱ्यांचे पुढचे हात अगदी छोटे, पकडायच्या कामाचे नव्हेत. सगळं काम जबड्याचं. टायटनोसॉर नदी-तळ्यांकाठच्या मऊ मातीत अंडी घालत. त्यांची घरटी गुजरात, मध्य प्रदेश आणि आपल्या विदर्भातही मिळाली आहेत. गुजरातमधल्या एका घरट्यात तर अंड्यांना वेढा घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू, असं सगळं एकत्र दगड झालेलं मिळालं. म्हणजे पिल्लांना धोका एका बाजूने नव्हता. पूर्ण वाढलेल्या टायटनोसॉरच्या वाट्याला जाणं शिकाऱ्याला जडच, त्यामुळे पिल्लं आणि अशक्त जनावरं हा सोपा घास असणार.

मुलांना हेही सांगा की टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला. त्याच सुमारास भारत आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारं ते एक वेगळं बेट होतं. त्यामुळे टी-रेक्स इथे कधी आला नाही. इथले शिकारी वेगळे, आणि त्यांचे जवळचे भाऊबंद मिळाले मादागास्करात आणि दक्षिण अमेरिकेत.

शेणाची गंमत

सगळ्यात मोठं आश्चर्य मात्र हाडांनी नाही, त्या विष्ठेच्या गोळ्यांनी दिलं. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात गवताच्या पेशींतले वाळूच्या कणांसारखे टणक कण सापडले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर समज होता की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, म्हणून चित्रांमध्ये डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढणं ही चूक धरली जायची. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत बदलली. त्या गवतांमध्ये भाताच्या घराण्यातली गवतंही निघाली!

भाताची लावणी करणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगून बघा. तुझ्या शेतातल्या भाताचे दूरचे पूर्वज डायनोसॉर चरत होते, म्हटल्यावर वर्ग एकदम शांत होतो.

हिस्लॉप यांच्या काळी गवताचे हे कण शोधायची रीतच नव्हती. पण शेतातले गोळे निरुपयोगी म्हणून त्यांनी सोडून दिले नाहीत, गावाचं नाव कागदावर आणलं. उत्तर मिळायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

वर्गात काय करता येईल?

१. काचेच्या ग्लासात चार रंगांची माती थराथराने भरा. प्रत्येक थरात एक शिंपला, एक पान, एक बी ठेवा. मग सर्वात जुनी वस्तू कोणती आणि का, हे मुलांना विचारा.

२. नकाशात रत्नागिरी, कोयना, नागपूर, वरोरा, जबलपूर शोधून ठिपके द्या. लाव्हा कुठे जाड आणि कुठे पातळ, हे रंगाने दाखवा.

३. वर्गाच्या फरशीवर खडूने सात मीटर मोजून राजासॉरस आखा. जागा पुरली नाही तर व्हरांड्यात या. शिंग आणि छोटे हात विसरू नका.

४. प्रत्येक मुलाची एक नोंदवही करा. सापडलेली वस्तू, जागा, तारीख, आजूबाजूला काय होतं, एवढंच लिहायचं. वस्तू काय आहे हे माहीत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवायचा. उगाच भरायचा नाही.

हा चौथा उपक्रम मी यंदा सुरू केलाय. पालकांना एक विनंती : मुलगा खिशातून दगड घेऊन आला की लगेच फेकून देऊ नका. आधी कुठे मिळाला ते विचारा आणि लिहायला लावा. तो दगड साधा जांभा असेल, बहुतेक वेळा असतोच. पण कुठे मिळाला हे लिहायची सवय लागली, तर ती दगडापेक्षा मोलाची आहे.

आणि हो, उक्षीला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी उत्तर सांगितलं. आपल्याकडे हाड सापडत नाही, का सापडत नाही, आणि कुठे सापडतं, हे सगळं. त्याने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं की मग वरोऱ्याला आपली सहल कधी? याचंही उत्तर सध्या माझ्याकडे नाही. तो रकाना आम्ही रिकामा ठेवलाय.